गाणं संपल्यावर

वेसावे कोळीवाड्याच्या इंटरनेट रेडिओसाठी दिपेश आणि कल्पिता या भावंडांनी दोन ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघून ठेवली होती. एकात शांतता झाली की आपोआप गाणं सुरू व्हायचं. दुसरं माईकवर येईल तेच पुढे पाठवायचं.

"पहिलंच घेऊ गं. रेडिओ गप्प झाला की लोक पळतात," दिपेश म्हणाला.

"दुसरं ट्राय तर करू."

दुसऱ्यावर शेजारच्या पुतळाबाईंनी हळदीचं गाणं म्हटलं. मग सगळे चहाला उठले आणि खाडीकडच्या उघड्या खिडकीपाशी माईक चालूच राहिला.

परत येऊन दिपेशने स्क्रीन बघितली. "वाट लागली. इतका वेळ नुसती शांतता गेली."

पण ऐकणारं कुणीच गेलं नव्हतं. मस्कतला बोटीवर नोकरी करणाऱ्या अनंताकाकांचा मेसेज आला होता, "आता कुणी बोलू नका रे. भरती चढतेय. माझ्या होडीचा दोर करकरतोय, उठली ती."

कल्पिताने खिडकीतून खाली पाहिलं. मघाशी खाडीच्या चिखलात कलंडलेली काकांची होडी पाण्यावर डुलत होती.

"मग कुठलं घ्यायचं?" तिने हळूच विचारलं.

दिपेशने माईक उचलून खिडकीत ठेवला.