डब्यामागचा जोड

इंजिनाचा कम्प्युटर म्हणत होता, सगळं छान. धूर मोजायचं यंत्र म्हणत होतं, छान कसलं डोंबलाचं!

तपासणी केंद्रातली इन्स्पेक्टर दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. नव्या नियमाच्या ट्रकला सायलेन्सरच्या डब्यात फिल्टर असतो, काजळी अडवणारा. इंजिनाच्या मते तो जागेवर होता. मग काळं येतंय कुठून? असं काही अडलं की तिला तहानभूक सुचायची नाही.

"गाडी चढाला ओढते कशी?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"पळते नुसती, मॅडम! आधी नाकी नऊ आणायची. सारखा तो पिवळा दिवा लागायचा, उभ्या गाडीचं इंजिन आपोआप गुरगुरायचं. मी लगेच बंद करायचो. उगाच डिझेल कशाला जाळा?"

"अहो, काजळी जाळून फिल्टर साफ करत होतं ते! दर वेळी बंद केलंत, मग तुंबणारच."

ड्रायव्हरचा चेहरा पडला. "आता हे मला कुणी सांगितलं होतं का?"

तिने पान्याने डब्यावर ठोकलं. रिकामं पातेलं वाजावं तसा आवाज आला. म्हणजे आत फिल्टरच नव्हता, आणि इंजिनाच्या कम्प्युटरलाही कुणीतरी शेंडी लावली होती.

"कुणी काढून दिला फिल्टर?"

"ते नका विचारू. भला माणूस आहे. दुकानाला टाळं लागेल त्याच्या."

लागणारच होतं. फिल्टर काढणाऱ्याचा परवाना जातो, नियमच तसा आहे. ती टॉर्च घेऊन ट्रकखाली सरपटत गेली. समोरून डबा अगदी कोरा दिसत होता. जोड होता मागे, वरच्या अंगाला, जिथे हात जेमतेम पोचतो. तिने आरसा धरला. बारीक, एकसारखं वेल्डिंग, आणि भेग पडू नये म्हणून शेवटी उलटं वळवून घेतलेलं टोक.

असं टोक वळवायला तिला एकाच माणसाने शिकवलं होतं, दहावीच्या सुट्टीत. ती तशीच पडून राहिली. मग तिथूनच फोन लावला.

"बाबा, तपासणीला एक ट्रक आलाय. त्याचा फिल्टर तुम्ही काढलात?"

पलीकडची ग्राइंडरची घरघर थांबली.

"कशावरून ओळखलंस? आवाजावरून की जोडावरून?"

"जोडावरून."

"आरसा लावलास ना? शाब्बास!" मग म्हणाले, "आतलं फेकलं नाही गं मी. फळीवर ठेवलंय. काय चीज आहे! ढीगभर बारीक नळ्या. एक या तोंडाने बंद, तर शेजारची त्या तोंडाने. धुराला जायचं तर भिंतीतूनच जायचं! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? रोज बघत बसतो. आधी बघितलं असतं तर हात लावला नसता."

"बाबा, मला तुमचं नाव लिहावं लागेल."

पलीकडे ग्राइंडर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग लिही की," बाबा म्हणाले. "शाळेत घातलं तेव्हापासून लिहितेसच."

ती बाहेर आली, हात पुसले आणि कागदावर 'नापास' लिहिलं. काम करणाऱ्याच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं. खाली तपासणाऱ्याचं पूर्ण नाव हवं होतं. तिने आधी स्वतःचं लिहिलं, आणि मग, आडनावाच्या आधी, पुन्हा बाबांचं.