डोक्यावरचं बिऱ्हाड

दिग्विजयचा साखरपुडा मोडला. छे, असं काही झालेलंच नाही! अजून सकाळ आहे, साखरपुडा अकराला आहे आणि नवरदेव टिबुकलीचा फक्त एक फोटो काढून लगेच निघणार आहेत.

टिबुकली हा नदीतला इतका लाजाळू पक्षी, की माणूस दिसला रे दिसला की बुडी मारतो. म्हणून दिग्विजय डोक्यावर पाणवेलींचं टोपलं घालून हनुवटीपर्यंत पाण्यात उभा राहिला. कॅमेरा समोर तराफ्यावर. सोंग असं वठलं, की टिबुकली आली, टोपल्यावर चढली, वेली नीटनेटक्या केल्या आणि तिनं तिथंच अंडं घातलं. आता फोटो काढायला डोळे डोक्यावर हवे होते आणि मान हलवली असती तर अंडं पाण्यात.

इयरफोनवर ताई कडाडली, "अरे, पाहुणे आले! कुठं कडमडलायस?"

"पाण्यात," तो पुटपुटला.

"अजून आंघोळच? नवरीचे बाबा सारखे घड्याळ बघतायत. ती म्हणतेय, आत्ता नाही आला तर पुन्हा येऊच नको म्हणावं."

वर टिबुकली अंडं उबवायला ऐसपैस बसली.

"ताई, लिहून घे आणि त्यांना वाचून दाखव. विनंती अर्ज. साखरपुड्याचे स्थळ नदीपात्रात हलवण्यात यावे. सर्व पाहुण्यांनी हिरव्या कपड्यांत, न शिंकता, गळ्याएवढ्या पाण्यातून एका रांगेत यावे. अंगठी पाण्याखालून घालण्यात यावी. आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत कुणीही टाळ्या वाजवू नयेत, ही नम्र विनंती."