टोल्यूइनचा सुळका

सकाळी साडेदहा वाजता कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर रिकामा निघाला. पहाटेपासून यंत्रात नुसता हायड्रोजन फिरत होता. तरीही आलेखावर टोल्यूइनचा सुळका रोजच्यासारखा उभा होता.

प्रयोगशाळेतल्या संशोधिकेने नोंद पुन्हा तपासली. जिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या बारीक छिद्रांत जस्त बसवून तिने हा उत्प्रेरक तयार केला होता. धुराड्यातून वाया जाणारा वायू घ्यायचा आणि त्यातून टोल्यूइन, रंगांत लागणारं द्रावक, काढायचं. दोन वर्षं ते निघत होतं. अकरा वाजता सभागृहात ती हेच सांगणार होती, आणि त्या भरवशावर कारखान्याचा करार व्हायचा होता. पण आज आत कार्बनच गेला नव्हता. मग हे आलं कुठून?

"मामा, यंत्राच्या नळ्या कशाने धुता?" तिने म्हाताऱ्या तंत्रज्ञाला विचारलं.

"टोल्यूइनने. अॅसिटोनने रबराच्या चकत्या फुगतात म्हणून तुम्हीच बदलायला लावलं नाही का, मॅडम? झाली की दोन वर्षं."

म्हणजे नळ्यांत उरलेलं धुण्याचं टोल्यूइनच आलेखावर दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या यंत्रावर तिचा नवरा काम करायचा. त्याने तिचाच उत्प्रेरक, तिच्याच डब्यातला, वापरून पाहिला होता. थेंबही निघाला नाही. तो आपल्या नळ्या स्वतः धुवायचा, जुन्या सवयीने अॅसिटोननेच. चौकशी झाली. 'कामात हलगर्जी' असा शेरा पडला. प्रकल्पप्रमुख म्हणून खाली सही तिची होती. नवरा म्हणून गय केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने ती चांगली ठसठशीत केली होती. तेव्हापासून तो घरी होता.

तिने फोन लावला.

"अरे, माझ्या त्या नळ्या..."

"टोल्यूइन ना?" तो म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"तुला माहीत होतं?"

"माझं सामान न्यायला आलो ना, त्या दिवशी मामा धूत होते. वास आला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी नोकरी पक्की व्हायची होती. म्हटलं, घरात एक बेकार पुरे."

अकराला तीन मिनिटं कमी असताना सभागृहातून तिचं नाव पुकारलं गेलं. फोन तोवर दोघांपैकी कुणीच ठेवला नव्हता.