घट्ट पाणी

“हनुवटी खाली घ्या बाबा, आणि मग गिळा,” गिळायचा व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं पेल्यातल्या घट्ट पाण्याकडे असं बघितलं, जणू कुणी त्याला खळ पाजतंय. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि घशानंही दगा दिला. पातळ काही प्यायलं की थेट श्वासनळीत. तेव्हापासून पाण्यात पावडर, चहात पावडर, जेवणाचा लगदा. पलंग तोच, खिडकी तीच, समोरची भिंतही तीच.

“आज साधं पाणी नीट उतरलं, तर हे सगळं बंद,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून चारचौघांसारखं जेवण.”

“ऐकलंत ना?” म्हातारी म्हणाली. दिवस कलला की तिचा आवाज नाकातून यायचा. “आज नाटकं नकोत.”

“मला हौस आहे का लगदा खायची? जीभ विटली माझी!”

दारात मुलगा उभा होता. “बाबा, मनावर घ्या जरा. आई किती पुरणार? बसल्या बसल्या पापण्या मिटतायत तिच्या. तिचंही दुखणं निघालं, तर माझ्याच्यानं दोघांचं होणार नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल.”

“मला काय धाड भरलीय?” म्हातारी फणकारली.

बाईंनी म्हाताऱ्याच्या गळ्यावर बोटं ठेवली. चमचाभर साधं पाणी दिलं. उतरलं. म्हातारी पदर मुठीत धरून बसली.

“शाब्बास! आता पेल्यानं.”

त्यानं घोट घेतला आणि असा ठसका लागला, की चेहरा लालबुंद झाला. मुलगा पाठ चोळायला धावला.

“अरेरे! घट्टच चालू ठेवा,” बाई म्हणाल्या.

मुलगा सुस्कारा टाकून पावडरचा नवा डबा आणायला निघाला. बाईही त्याच्याबरोबर गेल्या.

म्हातारीनं दार लावलं. लगद्याची वाटी घेऊन पलंगाशी आली. “जरा अतीच खोकलात. मुलगा केवढा घाबरला!”

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं पेला उचलला, उरलेलं साधं पाणी घटाघटा संपवलं, मिशा पुसल्या आणि वाटी तिच्याकडेच सरकवली.

“जेव आता. आणि तुला दुपारसारखा ठसका लागला, तर आधी मला डोळा मार. मी मोठ्यानं खोकतो.”