हौसाच्या आवाजात

केरबांनी ऐकलेले पाचही शब्द बरोबर परत सांगितले. मग यंत्राने हौसाच्या आवाजात विचारलं, "माझं नाव काय हो?"

विसराळूपणाची चाचणी आता माणसाच्या सगळ्यात ओळखीच्या आवाजात घेत. केरबांची बायको हौसा जाऊन वर्ष झालं होतं.

केरबांनी मान खाली घातली.

"आबा, सांगा की!" मुलगी कुजबुजली. "नापास झालात तर घरी एकटं राहू देणार नाहीत."

"ठावं हाय गं. पण तिच्या तोंडावर कधी नाव घेतलं न्हाई मी. जन्मभर नुसतं 'अगं'."

"आता घ्या."

"हौसा," ते लाजत म्हणाले, आणि तिची ओ यायची वाट बघत राहिले.

"बरोबर," हौसाचा आवाज म्हणाला. "आता शंभरातून सात वजा करा."