मोटारीचा जामीन

नंदुरबार स्टेशनावरून तापीकाठच्या गावांना माणसं नेण्यासाठी सुपडूला जुनी मोटार घ्यायची होती. पेठेतले एक शेठ कर्ज द्यायला तयार होते, पण व्याज ऐकूनच सुपडूचा चेहरा उतरला. "चोख जामीन आण, व्याज निम्मं करतो," शेठ म्हणाले. सुपडूच्या मागे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त भिला टांगेवाला उभा होता. "मी शे ना! मन्हा टांगा, मन्हा घोडा लिखी ल्या," म्हणत त्याने अंगठा पुढे केला. अशा सवलतीत पेठेत कुणालाच कर्ज मिळालं नव्हतं. मोटार आली, जोरात चालली आणि सुपडूने सगळे हप्ते वेळेवर फेडले. जामिनाला कसलीच तोशीस लागली नाही, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. स्टेशनाबाहेर भिलाचा टांगा दिवसदिवस रिकामा उभा असतो, हे मात्र त्याने पाहूनही पाहिलं नाही. मग दत्तजयंतीला तो मोटार भरून माणसं घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेला, तेव्हा घोडेबाजारात भिला आपल्या घोड्याचा लगाम धरून गिऱ्हाईकाची वाट बघत होता. सुपडू गर्दीतून त्याच्याकडे धावला. "इकू नको, भिला. मीच हाऊ घोडा लेसू आनि तुलेच परत देसू." भिलाने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "घोडा तू देशी रे भाऊ, पन टांगामा बठाले मानसे कोठेन लयशी?" पलीकडे मोटारीतून उतरलेली माणसं सुपडूला परतीची वेळ विचारत होती.