रडायचं नाही

कटंगीच्या बसस्टँडपुढं कुशलनं गाडी बाजूला घेतली आणि बायकोला सांगितलं, "ऋता, तुझे बाबा गेले. तुझं ऑपरेशन सुरू होतं तेव्हाच."

ऋता त्याच्याकडे पाहत राहिली. तिला बोलायची बंदी होती. दर दोन महिन्यांनी पिकणाऱ्या टॉन्सिल्स नागपूरच्या डॉक्टरांनी रोबोटनं काढून टाकल्या होत्या.

"रडू नको. जोर पडला तर रक्त येईल, डॉक्टर बोलले न. म्हणून कोणीच सांगितलं नाही तुले."

तिनं मान हलवली. गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

बालाघाटला माहेरच्या दारात चपलाच चपला होत्या. वैनगंगेवरचे अंत्यसंस्कार परवाच आटोपले होते. भाऊ रजत उठला, तिची बॅग घेतली आणि आत गेला.

बायकांनी सरकून तिला जागा दिली. हट्टा गावची आत्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. ऋता नुसतीच उभी राहिली, तेव्हा आत्याचे हात सैल पडले.

"पोरीच्या डोळ्यात पाणी नाही," कोणीतरी हळू म्हणालं.

"ऑपरेशन झालं तिचं," शेजारची पौर्णिमा म्हणाली. "रोबोटवालं. डॉक्टर दूर बसून चालवते, आत मशीनचे हात जातात."

"म्हंजे डॉक्टर हातच लावत नाही?"

"नाही न."

मग थोडा वेळ बायका रोबोटबद्दलच बोलत राहिल्या. ऋता भिंतीला टेकून बसली. समोर बाबांचा फोटो होता, निवृत्तीच्या वेळी काढलेला. हुंदका वर आला, तसा तिनं गिळला. काच गिळल्यासारखं झालं. मग तेही वाटेनासं झालं.

आतून आई, सुनीतीबाई, आली. त्यांनी स्वतः परवापासून काही खाल्लं नव्हतं. हातात वाटी होती, थंड दुधात मऊ कुस्करलेला भात. त्या लेकीसमोर मांडी घालून बसल्या.

"खाऊन घे. गोळी घ्यायची असेल तुले."

ऋतानं वाटीकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुझे बाबा सकाळपासून फोन हातात घेऊन बसले होते," आई चमच्यानं भात ढवळत म्हणाली. "म्हणे, ऋताचा फोन आला की मीच उचलीन. पहिले मीच बोलीन तिच्याशी."

ऋतानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

आईनं चमचा पुढं केला.